रूथबाईंच्या गाण्यातलं हमिंग

"हात काढ," मी म्हणाले.

अशेरदादानं गिटारच्या तारांवरचा हात उचलला. स्पीकरमधून 'हूंऽऽ' येतच राहिलं.

"आता ठेव."

त्यानं हात ठेवला. आवाज होता तसाच.

"काय गं सुवार्ता, पेशंट वाचेल ना?"

"कंडेन्सर गेलेत ॲम्प्लिफायरचे," मी ठणकावून सांगितलं. "घरी नेते, रात्रीतून बदलते. उद्या सकाळी घड्याळाची टिकटिक ऐकू येईल इतकं शांत करून देते."

चर्चच्या मागच्या बाकावर पाथरे सर चष्मा नाकावर घेऊन वाचत बसले होते. त्यांनी पान उलटलं, पण मान वर केली नाही. अशेरदादा त्यांचा एकुलता एक मुलगा. दोघे एका छपराखाली आल्याला तीन तास झाले होते आणि अजून एकमेकांशी चार वाक्यं बोलले नव्हते.

ही शुक्रवारची दुपार होती. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. नगरपासून तासाभरावर आमची सोनवडी, तिथं माझ्या वडिलांचं 'ओहोळ साउंड' नावाचं दुकान. लग्नं, नाताळ, निवडणुका, सगळीकडे आमचेच भोंगे. वडिलांच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि मी आयटीआयचा रेडिओ-टीव्हीचा कोर्स करून आले, तेव्हापासून तारा ओढायचं आणि सोल्डरिंगचे डाग द्यायचं काम माझ्याकडे आलं. पंचक्रोशीत हातात सोल्डरिंग घेतलेली मी एकटीच मुलगी, त्यामुळे डोक्यात थोडी हवाही होती. अर्ध्या हळकुंडानं पिवळी म्हणतात ना, तशी.

रविवारी रूथबाईंना जाऊन सहा वर्षं होत होती. रूथबाई म्हणजे सरांची बायको, अशेरदादाची आई. चर्चच्या गायकवृंदात तिचा आवाज सगळ्यात वर असायचा. ती गेली तेव्हा अशेरदादा ऑर्केस्ट्राबरोबर विदर्भाच्या दौऱ्यावर होता. तो पोचला तिसऱ्या दिवशी, माती झाल्यावर. गावानं त्याला कधी माफ केलं नाही. "आई तिकडं शेवटचा श्वास घेत होती आणि हा स्टेजवर गाणी बडवत होता," हे वाक्य मी नळावर, पिठाच्या गिरणीत, दुकानात इतक्यांदा ऐकलं होतं की मलाही ते पाठ झालं होतं. मग तो सोलापूरला राहायला गेला तो गेलाच.

आणि आता त्याचं चर्चच्या पंचमंडळाला पत्र आलं होतं. आईच्या स्मरणाच्या रविवारी तिचं आवडतं गाणं मला चर्चमध्ये वाजवू द्या, एवढंच. पंचांचे प्रमुख पाथरे सरच. ते बैठकीत म्हणाले म्हणे, "एकदा वाजवू दे. आवाज शुद्ध असला तर. देवाच्या घरात घोंगावणं मला चालणार नाही." आणि त्यांनी एवढं बोलल्यावर पुढं बोलायची कोणाची छाती?

अशेरदादाची गिटार उभी धरायची नव्हे. मांडीवर आडवी ठेवायची आणि डाव्या हातातली लोखंडी कांडी तारांवरून सरकवत न्यायची. माणसाच्या गळ्यासारखा सूर लांबवता येतो तिच्यावर. पण आत पोकळी नाही, नुसती लाकडाची फळी आणि तारांखाली चुंबकावर गुंडाळलेलं तारेचं वेटोळं. ॲम्प्लिफायर नसेल तर शेजारी बसलेल्यालाही धड ऐकू जात नाही. म्हणजे हमिंग गेलं तर गाणं होणार, नाही गेलं तर तो रविवारच्या एस.टी.नं परत जाणार आणि पुन्हा कधी येणार नाही. हे त्यालाही ठाऊक होतं, मलाही.

शुक्रवारी रात्री मी कंडेन्सर बदलले. शनिवारी सकाळी ॲम्प्लिफायर चर्चमध्ये आणून लावला, मोठ्या तोऱ्यात बटण दाबलं, आणि हूंऽऽ.

अशेरदादा हसला. "घड्याळ बंद पडलंय वाटतं."

मग मला सुचलं ते आदल्या दिवशीच सुचायला हवं होतं. मी गिटारवरची आवाजाची कळ शून्यावर आणली. स्पीकर एकदम गप्प. कळ वाढवली, आवाज परत. म्हणजे ॲम्प्लिफायर बिचारा पहिल्यापासून निर्दोष होता. जे काही येत होतं ते गिटारकडून येत होतं.

"जुने कंडेन्सर परत लावायचे का?" दादानं विचारलं.

"दादा, गप बस."

त्याचा स्वभाव तसाच होता, वर्षानुवर्षं बाहेर राहून आणि लोकांचं ऐकूनही. माझ्यासाठी वायर धरायचा, स्क्रू हरवले की जमिनीवर पालथा पडून शोधायचा आणि मधूनच मागच्या बाकाकडे बघायचा. सर सकाळी आठलाच येऊन बसले होते. एकदा तो उठून त्यांच्याजवळ गेला. "बाबा, पाणी देऊ?" सर म्हणाले, "मी आणलंय." तो परत आला आणि माझ्यासमोर स्टुलावर बसला.

मी गिटारची वायर बदलली. आवाज तसाच राहिला. गिटारचं झाकण उघडून आतले सगळे डाग नव्यानं दिले, तरी फरक नाही. मग वाटलं अर्थिंग कमी पडतंय, म्हणून चर्चच्या मागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात मी आणि दादानं चार बादल्या पाणी ओतलं. पाळक साहेबांच्या बायकोनं खिडकीतून विचारलं, "काय गं, झाड लावलं का तिथं?" आवाज मात्र तसूभरही हलला नाही.

मग मी एकेक वस्तू बंद करत सुटले. ट्यूबलाइट बंद केल्या. ट्यूबच्या चोकमुळे असं हमिंग पुष्कळदा येतं, म्हणून मी श्वास रोखून ऐकलं. हूंऽऽ. पंखे बंद केले. पंचांच्या खोलीतला बल्ब, पाळक साहेबांच्या घराकडे जाणारी वायर, भाषणाच्या माइकचा सेट, सगळं बंद. शेवटी बटणांच्या फळीवर एकच बटण चालू राहिलं, आमच्या ॲम्प्लिफायरचं.

हूंऽऽ.

"आता काय उरलं?" दादानं विचारलं.

"काहीच नाही उरलं," मी म्हणाले. आणि खरं सांगते, मला तसंच वाटत होतं.

मागून सरांचा आवाज आला. "पाच वाजता मी दार लावणार. तोवर झालं तर उद्या वाजेल."

"सर, अजून दोन तास आहेत."

"मोजलेत मी."

सरांनी मला आठवीपासून दहावीपर्यंत विज्ञान शिकवलं होतं. त्यांच्यासमोर नापास होण्याचा अनुभव मला नवा नव्हता, पण इतका जिव्हारी कधी लागला नव्हता. दादाकडे बघवत नव्हतं. तो म्हणाला, "मी चहा घेऊन येतो," आणि किटली उचलून बाहेर गेला.

बाकावर ठेवलेली गिटार कोणाचा तरी धक्का लागून पडेल म्हणून मी ती उचलली आणि पुढच्या टेबलावर ठेवायला निघाले. ॲम्प्लिफायर चालूच होता, वायर लांब होती. दोन पावलं टाकली आणि हमिंग वाढलं. मी थांबले. आणखी दोन पावलं टाकली, आणखी वाढलं. मागं सरकले, कमी झालं. गिटार आडवी फिरवली तसा आवाजात चढउतार व्हायला लागला. लहानपणी स्टेशन लागत नसलं की आम्ही ट्रान्झिस्टर हातात घेऊन अंगणभर फिरायचो, तशी मी फिरत फिरत वेदीपर्यंत गेले. तिथं स्पीकर नुसता ओरडायला लागला.

मी मान वर केली.

डोक्यावर क्रूस होता. सहा फुटांचा, काचेच्या नळीचा, आतून निळसर पांढरा पेटलेला. खाली संगमरवराची पाटी, 'प्रभूत निजलेल्या रूथ देवदान पाथरे यांच्या स्मरणार्थ'. रूथबाई गेल्यावर तीन महिन्यांत सरांनी तो पुण्याहून करून आणला होता. त्याच्यामागं भिंतीत लाकडी पेटी, पेटीत हजारो व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर. त्याचं बटण सगळ्यांच्या फळीवर नव्हतंच. पंचांच्या खोलीत वेगळं होतं, कुलपात, आणि किल्ली सरांकडे. सहा वर्षांत तो फक्त लाईट गेल्यावर विझायचा. तेव्हाही सर मेणबत्ती लावून खाली बसायचे, लाईट येईपर्यंत.

सगळं बंद केलं असं मी म्हणाले होते, तेव्हा हा माझ्या डोक्यावर लखलखत होता. आमच्या चर्चमध्ये वस्तू दोनच प्रकारच्या होत्या. एक विजेवर चालणाऱ्या आणि दुसरा क्रूस. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

मी वळले. सर पुस्तक मिटून माझ्याकडेच बघत होते.

"सर, हे क्रूसाच्या ट्रान्सफॉर्मरमुळे होतंय."

"हो."

त्या 'हो'मध्ये आश्चर्य नव्हतं.

"तारेच्या वेटोळ्याजवळ ट्रान्सफॉर्मर आणला तर काय होतं?" सर म्हणाले. "नववीत शिकवलं होतं मी. तुलाच टेबलापाशी बोलावून करून दाखवायला लावलं होतं."

"सर, तुम्हाला माहीत होतं?"

"शुक्रवारी पहिल्यांदा त्यानं सुरू केलं तेव्हाच कळलं. रोज संध्याकाळी मी इथं एकटा बसतो. ती पेटी बारीक आवाज करते, मला तो सूर ओळखीचा आहे."

"मग सांगितलं का नाही? दोन दिवस आम्ही..." माझा आवाज चढला. सरांशी त्या आवाजात मी आयुष्यात बोलले नव्हते. "मी गिटार उसवली, सर! खड्ड्यात पाणी ओतलं! तुम्ही बघत बसलात?"

"गप्प बसायला काही लागत नाही, सुवार्ता," सर म्हणाले. "एकदा बसलं की सोपं जातं."

मला त्यांचा भयंकर राग आला. म्हातारा मुलाला हरवायला बसलाय असं वाटलं. मी विचारलं, "उद्या त्या गाण्यापुरता क्रूस बंद करायचा का?"

"तो बंद होत नाही."

"पाचच मिनिटं, सर."

"मी सांगितलं तुला."

दादा दारात किटली घेऊन आला. मी त्याला बाहेर नेलं. पायऱ्यांवर बसून सगळं सांगितलं, फक्त सरांना आधीपासून माहीत होतं हे सोडून. ते सांगायला जीभ रेटली नाही. दारापाशी वाजवलं तर हमिंग निम्मं होईल, हे मला माहीत होतं. पण चपलांच्या ढिगाऱ्यात बसून आईचं गाणं वाजव असं कोणत्या तोंडानं सांगणार? म्हणून म्हणाले, "दादा, तू स्वतः बाबांना विचार. पाच मिनिटं क्रूस बंद ठेवा म्हणावं."

त्यानं दोन कपांत चहा ओतला आणि एक मला दिला.

"नको," तो म्हणाला.

"का?"

"आईचा दिवा आहे तो. मी तिच्या मातीलाही नव्हतो, सुवार्ता. आता येऊन तिचाच दिवा विझवायला लावू, माझ्या गाण्यासाठी? नाही जमणार मला." त्यानं चहाचा घोट घेतला. "गिटार राहू दे आत आज. उद्या उपासना झाली की घेऊन जातो."

"गाव काय म्हणेल?"

"जे म्हणतंय तेच." तो हसला, पण ते हसू पुरं झालं नाही. "तू चांगलं शोधलंस हां. आमच्या ऑर्केस्ट्रात अशी पोरगी पाहिजे होती."

मी आत जाऊन सरांसमोर उभी राहिले. राग अजून उतरला नव्हता. "दादा नाही वाजवणार उद्या."

"का?"

"आईचा दिवा माझ्या गाण्यासाठी विझवू नका म्हणतो. मातीला नव्हतो, आता हे पण करू का म्हणतो."

सरांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "घरी जा तू. ॲम्प्लिफायर राहू दे."

रविवारी चर्च भरलं होतं. अशेरदादा शेवटच्या बाकावर, बायकांच्या नजरा चुकवत बसला होता. पायाशी एस.टी.ला न्यायची पिशवी. मी पुढं, गायकवृंदाच्या बाजूला, माइकच्या सेटपाशी. ॲम्प्लिफायर कालच्याच जागी होता आणि गिटार स्टुलावर. क्रूस नेहमीसारखा पेटलेला. प्रार्थना झाली, वाचन झालं. पाळक साहेब म्हणाले, "आता रूथबाईंच्या स्मरणार्थ पाथरे सर दोन शब्द बोलतील."

दर वर्षी सर बोलायचे. दोन मिनिटं, शाळेत फळ्यावर लिहिल्यासारखी मोजून मापून. ते माइकपुढे आले. कागद नव्हता.

"शेवटच्या बाकावर माझा मुलगा बसला आहे," ते म्हणाले. "सहा वर्षं तुम्ही त्याला बोल लावलात. मी ऐकत होतो."

लोक मागं वळून बघायला लागले. दादानं मान खाली घातली.

"रूथ दवाखान्यात होती तेव्हा ती मला म्हणाली, अशेरला बोलवा. त्याचा पत्ता माझ्या खिशात होता. तारऑफिस दवाखान्याच्या समोर होतं. मी तार केली नाही. मला वाटलं, ते गाणंबिणं सोडून त्यानं आपण होऊन यावं. ती बरी होईल असंही वाटलं. ती गेल्यावर मी तार केली. तिनं बोलावलं होतं, हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलं नाही."

मी माइकचा सेट धरून उभी होते.

शेवटच्या बाकावरून दादा उभा राहिला. उपासनेत असं मध्येच कोणी बोलत नाही.

"कधी म्हणाली होती ती?" त्यानं विचारलं.

"बुधवारी," सर म्हणाले.

रूथबाई शनिवारी गेली होती. हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं.

दादा तसाच उभा राहिला. त्याचा हात पिशवीच्या बंदावर होता. मला वाटलं आता हा निघाला, आणि निघाला असता तर मी त्याला अडवलं नसतं. त्याच्या शेजारच्या म्हाताऱ्यानं पाय आत घेऊन त्याला वाट करून दिली.

सर माइकपासून बाजूला झाले. खिशातून किल्ली काढली आणि पंचांच्या खोलीत गेले. कुलूप निघाल्याचा आवाज आला. मग क्रूस विझला. काचेची नळी राखाडी दिसायला लागली. कोणीतरी "अगं बाई" म्हणालं. पाळक साहेब उठले आणि पुन्हा बसले.

सर बाहेर आले ते आपल्या बाकावर गेले नाहीत. खोलीच्या दारापाशीच उभे राहिले, मुलाकडे तोंड करून.

"तिनं बोलावलं होतं, मी बोलावलं नाही," ते म्हणाले. माइक लांब होता, तरी शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. "आज बोलावतोय. ये, अशेर."

दादा बाकातून बाहेर आला. दाराकडे दोन पावलं होती, आणि पुढं यायला सगळं चर्च ओलांडायचं होतं. तो पुढं आला. सरांजवळून जाताना थांबला नाही, त्यांच्याकडे बघितलंही नाही. स्टुलावर बसला, गिटार मांडीवर घेतली आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मी ॲम्प्लिफायरचं बटण दाबलं आणि आवाजाची कळ पार वर नेली.

स्पीकरमधून काहीच आलं नाही. श्वासाएवढंही नाही. मला वाटलं वायर निघाली की काय. मी वाकून बघितलं. वायर जागेवर होती, ॲम्प्लिफायरचा दिवा लागलेला होता. सगळं चालू होतं. दादानं फक्त अजून सुरुवात केली नव्हती. त्याचे डोळे पाण्यानं भरले होते आणि त्याला तारा दिसत नव्हत्या.

आम्ही सगळे थांबलो. सरही दारापाशी उभे राहून थांबले. मग त्यानं बाहीनं डोळे पुसले, कांडी तारांवर ठेवली आणि आईचं गाणं वाजवायला घेतलं.